अक्षराभिज्ञान, यांत्रिक

छापील अथवा हस्तलिखित मजकुराच्या प्रतिमेतून अक्षरे ओळखून ती संगणकास हाताळता येतील अशा संकेतांत परिवर्तित करण्याची विद्या. अंधांना छापील ग्रंथ मोठ्याने वाचून दाखविणारे रेमंड कुर्झवाइल यांचे यंत्र १९७६ साली अमेरिकेत लोकांपुढे आले, आणि या विद्येचे खरे मोल तेथेच सिद्ध झाले. देवनागरीसंबंधी आर. एम. के. सिन्हा व एच. एन. महाबला यांचा संशोधनलेख १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोमन मुद्रणात अक्षरे बहुधा सुटी असतात. देवनागरीत मात्र शिरोरेषा संपूर्ण शब्दास एकत्र बांधीत असल्यामुळे, ज्या आडव्या ओळीत काळ्या बिंदूंची संख्या सर्वाधिक भरते ती शिरोरेषा मानून प्रथम वगळावी, मग उभ्या रिकाम्या पट्ट्यांवरून अक्षरे विलग करावीत आणि वरखालच्या मात्रा स्वतंत्रपणे तपासाव्यात, अशी पद्धती रूढ झाली. तरीही जोडाक्षरे, तसेच ‘ख’ व ‘रव’ यांसारखी सदृश रूपे, यंत्रास चकवितात. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी लिपीतल्या कागदपत्रांच्या रुमालांसाठी (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांसाठी) हे संशोधन महाराष्ट्राला विशेष निकडीचे आहे. परंतु मोडीत ओळभर एकच शिरोरेषा ओढून, लेखणी शक्यतो न उचलता, शब्दांत अंतर न सोडता अक्षरामागून अक्षर गुंफण्याचा प्रघात असल्याने तेथे उपरोक्त पद्धती थिटी पडते.