कडेवरचा भाऊ

विजयदुर्गला येणारा पाहुणा किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे कुठे, म्हणून विचारतो. त्या कट्ट्यांशी जोडलेलं १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण, १७५६ साली जळालेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार, हे आजीलाही ठाऊक होतं. तिच्या आज्याने सांगितलेलं. पण स्वतःच्या आयुष्यातला काळ ती एकाच खुणेने मोजायची: धाकटा भाऊ पायांवर उभा राहिला, त्याच्या आधी की नंतर. आधी तो तिच्या कडेवर होता.

आई पहाटे मासळीच्या टोपलीबरोबर निघायची. आजी भावाला घेऊन शाळेच्या दाराशी जायची. "मास्तर म्हणाले, पोर घराक ठेव नि मगे ये. घराक कोण हुता? तीन दिस दारात बसलंय. चवथ्या दिसा धक्क्यार गेलंय." हे ती रागाने सांगत नसे. राग मला यायचा, अजून येतो. बांगडे विसाविसाने मोजताना जिचा हिशेब कधी चुकला नाही, तिला पाटीवरचा एक आकडा कुणी काढू दिला नव्हता.

शिक्षणशास्त्र शिकताना ताराबाई मोडक वाचल्या, तेव्हा तो दरवाजाच डोळ्यांसमोर आला. गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. वाड्यावस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आधी आंघोळ, मग वेणीफणी, मग गाणी. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरली.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती त्यांची विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. थोरली का येत नाही, याचं उत्तर त्यांनी तिच्या कडेवर पाहिलं आणि धाकट्यासाठीही जागा केली. मुलीला दोष न देता शाळेने स्वतःला बदलायचं, हे शिक्षणशास्त्र मला कुठल्याही व्याख्येपेक्षा तिथे स्वच्छ दिसतं.

एका मे महिन्यात खळ्यात बसून हे सगळं मी आजीला सांगितलं. ती सोलं वाळत घालत होती. अंगणवाडीला तिने लगेच आपलं नाव दिलं, "खळ्यातली शाळा." शिंपल्यांचं ऐकून हसली. मग हात थांबले.

"माका भावासकट घेतल्यानी असता?"

"घेतलं असतं, आजी."

ती आत गेली आणि पत्र्याची पेटी घेऊन आली. भाऊ सातवी होऊन बोटीने मुंबईला गेला होता. त्याची सगळी पत्रं तिने जपली होती. प्रत्येक पत्र तिने शेजारच्या कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं. वरचं एक काढून तिने माझ्या हातात दिलं.

"वाच. सावकाश वाच."