बॅसचर्चची परिचारिका

रणांगणावर शौर्य गाजविणाऱ्याच्या छातीवर पदक लावण्याची रीत फार जुनी आहे. त्याची जखम धुणाऱ्या हातांचा मान करण्याची रीत मात्र अगदीं अलीकडची. व्हिक्टोरिया राणीनें २७ एप्रिल १८८३ रोजीं ‘रॉयल रेड क्रॉस’ हें मानचिन्ह स्थापन केलें, तें लष्करांतील रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांसाठीं. तें प्रथम ज्यांना मिळालें त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. पण क्रिमियाचें युद्ध संपून तेव्हां २७ वर्षें उलटलीं होतीं. पुढें १९०७ सालीं त्यांना ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळाली. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परंतु तो घरीं चालून आला तेव्हां त्यांचें वय ८७ वर्षांचें होतें. त्यांच्याच नांवाचें पदक आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनें १९१२ सालीं ठरविलें आणि महायुद्धामुळें तें प्रत्यक्ष दिलें गेलें १९२० सालीं. गौरव हा शुश्रूषेच्या दारीं नेहमी असा उशिरां आणि बहुधा युद्धाचा हात धरून आलेला दिसतो.

या गौरवांत आणखी एक उणीव होती. परिचारिकेची निष्ठा, तिची दया, तिचें रात्रीचें जागरण यांची स्तुति सर्वांनीं केली. पण तिच्या हातीं एक स्वतंत्र विद्या आहे, त्या विद्येंत कमीअधिक पारंगतता असूं शकते, आणि कांहीं रोगांत वैद्याच्या शस्त्राइतकेंच रोग्याचें भवितव्य त्या विद्येवर अवलंबून असतें, हें समाजानें सहजासहजीं मान्य केलें नाहीं. तें ज्यांच्या कार्यामुळें मान्य करावें लागलें त्यांत अ‍ॅग्नेस हंट यांचें नांव अग्रभागीं येतें. हाडें व सांधे यांच्या विकारांवरील शुश्रूषेच्या त्या आद्य परिचारिका म्हणून ओळखल्या जातात.

अ‍ॅग्नेस ग्वेंडोलीन हंट यांचा जन्म ३१ डिसेंबर १८६६ रोजीं लंडन येथें झाला. त्यांचें बालपण श्रॉपशायर परगण्यांत बॅसचर्च गांवाजवळील बोरॅटन पार्क येथें गेलें. घर सुखवस्तु, भावंडें पुष्कळ. पण लहानपणींच रक्तांत विष भिनून झालेल्या दुखण्यानें खुब्याच्या हाडास पू धरला आणि मुलगी जन्माची अधू झाली. वडील १८७८ सालीं वारले. १८८२ सालीं आई मुलांना घेऊन ऑस्ट्रेलियास गेली. तेथून अ‍ॅग्नेस १८८७ सालीं इंग्लंडला परत आल्या, त्या परिचारिका होण्याचा निश्चय करूनच.

हा निश्चय ऐकून कोणासही हंसूं आलें असेल. परिचारिकेचें काम म्हणजे सारा दिवस पायांवर उभें राहण्याचें. आणि उमेदवार मुलगी तर स्वतःच लंगडत चालणारी! पण तिनें शिक्षण पुरें केलें व घरोघर जाऊन गरिबांची शुश्रूषा करण्याचें कामही पत्करलें. या घरोघरच्या फिरण्याचा उपयोग पुढें फार झाला. रुग्णालयांतून बरा म्हणून सोडलेला रोगी घरीं गेल्यावर त्याचें काय होतें, हें मोठमोठ्या शल्यवैद्यांनाही फारसें दिसत नसे. तें या अधू परिचारिकेनें रोज पाहिलें होतें.

१ ऑक्टोबर १९०० रोजीं अ‍ॅग्नेसबाईंनीं बॅसचर्च येथें ‘फ्लॉरेन्स हाउस’ नांवाच्या घरांत अपंग मुलांसाठीं एक आरोग्यगृह उघडलें. त्यांच्या जोडीला एमिली गुडफर्ड ही मैत्रीण होती. त्या काळच्या इंग्लंडांत अपंग मुलांची संख्या आज खरी वाटूं नये इतकी मोठी होती. क्षयी गाईंचें दूध न तापवितां मुलांना पाजलें जाई आणि त्यांतून पाठीच्या कण्यास, खुब्यास, गुडघ्यास क्षयाची बाधा होई. कारखान्यांच्या गांवांत ऊन नाहीं आणि अन्न निकस, त्यामुळें मुडदूस होऊन पाय धनुष्यासारखे वांकत. शिवाय बालपक्षाघात होताच. अशा मुलाला बरें होण्यास औषध थोडें लागे, पण काळ फार लागे. दुखरा सांधा हलूं न देतां महिनेच्या महिने, केव्हां केव्हां वर्षें, योग्य स्थितींत ठेवावा लागे. शहरांतील मोठ्या रुग्णालयांना एक खाट इतके दिवस अडवून ठेवणें परवडत नसे. मग मूल घरीं जाई, अंधाऱ्या खोलींत पडून राही आणि वांकडें होई.

बॅसचर्चला उघड्या हवेचा उपचार होता. बागेंत एका अंगानें मोकळ्या असलेल्या पडव्या उभारल्या होत्या, त्यांत मुलांच्या खाटा. श्रॉपशायरची थंडी लक्षांत घेतां हें पाहून गांवकऱ्यांस काय वाटलें असेल याची कल्पना करावी! पण मुलें अंग धरूं लागलीं, त्यांच्या गालांवर रंग आला. मात्र केवळ हवेनें वांकलेलें हाड सरळ होत नाहीं. त्यास दुसऱ्या एका विद्येची गरज होती, आणि ती लिव्हरपूलांत होती.

त्या विद्येची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. वेल्समध्यें पिढ्यान् पिढ्या हाडें बसविणारें एक घराणें होतें. आपल्या खेड्यांतील हाडवैद्यांसारखेंच. त्यांतील इव्हॅन टॉमस लिव्हरपूलला येऊन राहिला, तेव्हां पदवीधर डॉक्टरांनीं त्याला सुखानें जगूं दिलें नाहीं. त्यानें आपल्या मुलांना रीतसर वैद्यकीय शिक्षण दिलें. त्यांपैकीं ह्यू ओवेन टॉमस यानें घराण्याच्या कसबास शास्त्राची जोड दिली. दुखऱ्या सांध्याला पूर्ण, अखंड व दीर्घकाल विश्रांति हें त्याच्या उपचाराचें सूत्र, आणि ती विश्रांति मिळवून देणारीं लोखंडी साधनें तो स्वतः घडवी. त्यांतील ‘टॉमस स्प्लिंट’ पुढें जगभरच्या रुग्णालयांत गेला. नेल्सन स्ट्रीटवरील त्याच्या घरीं दर रविवारीं गरिबांना फुकट तपाशीत. तो १८९१ सालीं वारला. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स यानें त्याची विद्या व तो रविवार दोन्ही चालू ठेवलीं.

अ‍ॅग्नेसबाई जोन्सकडे प्रथम गेल्या त्या स्वतःचा खुबा दाखविण्यासाठीं. त्याची परीक्षा करण्याची रीत त्यांनीं पाहिली आणि नंतर आपलीं मुलें घेऊन त्या लिव्हरपूलच्या वाऱ्या करूं लागल्या. फळ्यांना बांधलेलीं, कुबड्यांवर चालणारीं मुलें आगगाडीनें न्यावयाचीं, दाखवावयाचीं, परत आणावयाचीं! या प्रवासांत मुलांचे किती हाल होतात हें पाहून जोन्स स्वतःच बॅसचर्चला येऊं लागला. १९०७ सालीं तेथें शस्त्रक्रियागृह बांधलें गेलें. हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. शल्यवैद्यानें रुग्णालय काढून त्यांत परिचारिका नेमल्या असें येथें घडलें नाहीं. परिचारिकेनें संस्था उभी केली आणि शल्यवैद्याला तींत बोलावून घेतलें. जोन्स हा मोठ्या मनाचा मनुष्य असल्यामुळें त्याला यांत कमीपणा वाटला नाहीं, आणि म्हणूनच ही जोडी तीस वर्षें टिकली.

आतां या शुश्रूषेंत विशेष विद्या ती कोणती? शस्त्रक्रिया ही एका तासांत संपते. त्यानंतरचे पांचशें दिवस परिचारिकेचे असतात. पाठीच्या कण्याचा क्षय झालेलें मूल चौकटीवर उताणें निजविलेलें असतें. त्याला हलवावयाचें तर नाहीं, पण त्याची पाठ तर स्वच्छ राहिली पाहिजे. एका जागीं दाब राहिला कीं कातडी लाल होते व दुसऱ्या दिवशीं तेथें क्षत पडतें. स्प्लिंटचा पट्टा बोटभर सैल झाला तर महिन्याचें काम वायां जातें, बोटभर घट्ट झाला तर पायाचीं बोटें निळीं पडतात. बोटांचा रंग, त्यांची ऊब, सूज, मुंग्या येतात काय, हें सर्व दिवसांतून अनेक वेळां पाहावयाचें, आणि तेंही जें मूल नीट बोलूं शकत नाहीं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावयाचें. शिवाय मूल वाढत असतें! मार्च महिन्यांत बेतलेलें लोखंड सप्टेंबरांत आंखूड होतें. एक सांधा बांधलेला असतां बाकीचे सांधे गंजूं नयेत म्हणून त्यांना व्यायाम द्यावयाचा. आणि इतकें करून मुलाला हंसतें ठेवावयाचें. दोन वर्षें छताकडे पाहत पडलेलें मूल रडवें झालें तर नवल नाहीं. बॅसचर्चला मुलें आनंदी असत याचीच पाहुण्यांना नवलाई वाटे.

या कामाचें यश दिसत नाहीं, ही त्याची मोठी अडचण आहे. शल्यवैद्यानें सरळ केलेला पाय सर्वांना दाखवितां येतो. परिचारिकेनें वांकूं न दिलेला पाय कोणाला दाखविणार? न पडलेलें क्षत, न वाढलेलें कुबड, न आंखडलेला गुडघा यांची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं. गौरव करणाऱ्यांना दिसणारी वस्तु हवी असते, आणि म्हणूनच ही विद्या इतके दिवस अनामिक राहिली.

घरोघर फिरून मिळालेला अनुभव येथें उपयोगास आला. मूल बरें होऊन घरीं गेलें म्हणजे आपलें काम संपलें, असें अ‍ॅग्नेसबाईंनीं मानलें नाहीं. ठिकठिकाणच्या गांवांतून त्यांनीं उत्तर-शुश्रूषेचीं केंद्रें उघडलीं. नेमलेल्या दिवशीं परिचारिका तेथें जाई, आसपासचीं मुलें येत. ती स्प्लिंट तपाशी, पट्टे बदली, आईला समजावी, आणि ज्या मुलाची लक्षणें ठीक दिसत नसत त्याला डॉक्टरपुढें उभें करी. शंका केव्हां घ्यावी याचा निर्णय तिचा असे. नवें दुखणेंही या केंद्रांतूनच लवकर हातीं लागे. परिचारिकेच्या निर्णयबुद्धीवर एवढा भार टाकणारी दुसरी व्यवस्था त्या काळीं क्वचितच असेल.

मग १९१४ चें महायुद्ध आलें. मोडलेल्या हातापायांचे शिपाई हजारोंनीं येऊं लागले. जोन्सवर लष्करांतील अस्थिरुग्णांची देखरेख सोंपविण्यांत आली. आघाडीवर टॉमस स्प्लिंट सर्रास वापरूं लागल्यावर मांडीचें हाड मोडून मरणाऱ्यांचें प्रमाण फार घटलें. बॅसचर्चच्या पडव्यांत मुलांच्या शेजारीं शिपायांच्या खाटा पडल्या. या कार्याबद्दल १९१८ सालीं अ‍ॅग्नेस हंट यांना ‘रॉयल रेड क्रॉस’ मिळाला. तो योग्यच होता. तरी युद्धापूर्वीं १४ वर्षें मजुरांच्या मुलांवर जी विद्या त्यांनीं कमावली तिच्याबद्दल सरकारनें अवाक्षर काढलें नव्हतें. तीच विद्या शिपायांच्या कामीं येतांच तिला रिबीन लागली! अर्थात् यांत इंग्लंडलाच दोष देण्याचें कारण नाहीं.

युद्धानें एक गोष्ट मात्र केली. लष्करासाठीं जें शक्य झालें तें मुलांसाठीं कां होऊं नये, असा प्रश्न विचारला जाऊं लागला. १९१९ सालीं रॉबर्ट जोन्स व त्याचा सहकारी गर्डलस्टन यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें अपंग मुलांच्या उपचाराची राष्ट्रीय योजना मांडली. मध्यभागीं उघड्या हवेचें रुग्णालय आणि भोंवतीं उत्तर-शुश्रूषेच्या केंद्रांचें जाळें, अशी ती योजना. म्हणजे बॅसचर्चच मोठ्या प्रमाणावर. एका परिचारिकेनें आडगांवीं घालून दिलेला कित्ता देशानें गिरवावा असें देशांतील अग्रगण्य शल्यवैद्यानें म्हणावें, हा सन्मान कोणत्याही पदकाहून मोठा मानावयास हरकत नाहीं.

त्याच १९१९ सालीं इंग्लंडांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. सर्वसाधारण परिचारिकांची मुख्य नोंदवही आणि आजारी मुलांच्या, मनोरुग्णांच्या परिचारिकांसाठीं वेगळे भाग अशी त्यांत व्यवस्था होती. अस्थिरुग्णांच्या शुश्रूषेला मात्र वेगळा भाग नव्हता.

संस्थेला बॅसचर्चची जागा अपुरी पडूं लागल्यामुळें १९२१ सालीं ती ऑझवेस्ट्रीजवळील एका जुन्या लष्करी रुग्णालयाच्या जागेंत गेली. १९२६ सालीं अ‍ॅग्नेस हंट यांना ‘डेम’ ही पदवी मिळाली; या वेळीं निमित्त युद्धाचें नव्हतें. पदवी घेऊन स्वस्थ बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. अंग बरें झालें तरी पोटाचें काय, या प्रश्नानें त्यांना ग्रासलें होतें. सरळ झालेला पण कांहीं हुन्नर न शिकलेला तरुण घरच्यांवर भार होऊन राहतो, हें त्या पाहत होत्या. म्हणून १९२७ सालीं त्यांनीं रुग्णालयानजीक डरवेन येथें अपंगांसाठीं धंदेशिक्षणाची संस्था काढली. अपंगाला दया नको, काम हवें, हें त्यांना कोणी पुस्तकांतून शिकविण्याची गरज नव्हती. स्वतःच्या खुब्याचें दुखणें जन्मभर त्यांच्या सोबतीला होतेंच.

१४ जानेवारी १९३३ रोजीं रॉबर्ट जोन्स वारला. त्यानंतर ऑझवेस्ट्रीच्या रुग्णालयास दोघांचें नांव देण्यांत आलें: ‘रॉबर्ट जोन्स अँड अ‍ॅग्नेस हंट ऑर्थोपेडिक हॉस्पिटल’. संस्था काढली परिचारिकेनें आणि नांव आधीं आलें शल्यवैद्याचें, असा आक्षेप कोणास सुचेल. पण अ‍ॅग्नेसबाईंनीं तो घेतला असता असें त्यांच्या वागण्यावरून वाटत नाहीं. रुग्णालयाच्या दारावर परिचारिकेचें नांव शल्यवैद्याच्या बरोबरीनें कोरलें जाणें हीच त्या काळीं अपूर्व गोष्ट होती. तें नांव आजही तेथें आहे. ज्या परिचारिका आठवड्याच्या आठवड्याला गांवोगांवच्या केंद्रांत जाऊन लहान मुलांचे पट्टे आवळीत राहिल्या, त्यांचीं नांवें मात्र कोणत्याही भिंतीवर नाहींत.

अ‍ॅग्नेसबाईंनीं १९३५ सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. तोंवर उपचाराची दिशा बदलूं लागली होती. दूध तापवून विकण्याची पद्धति रूढ होत गेली, पुढें १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागला, आणि वर्षानुवर्षें चौकटीवर निजणाऱ्या मुलांची संख्या हळूहळू उतरणीस लागली. ५ जुलै १९४८ रोजीं ब्रिटनमध्यें राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. त्यानंतर १९ दिवसांनीं, २४ जुलै १९४८ रोजीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं डेम अ‍ॅग्नेस हंट निवर्तल्या.