सागवानाच्या शिरा आणि आराखड्यांतील बाण

यवतमाळ जिल्ह्याची ओळख दोन वस्तूंनीं पटते. एक कापूस आणि दुसरा साग. १९०५ पूर्वीं वणी जिल्हा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या ह्या प्रदेशाच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो, आणि पांढरकवडा, घाटंजी, उमरखेड ह्या बाजूंच्या डोंगराळ भागांत सागाचें रान आहे. वरवर पाहतां ह्या दोहोंचा परस्परांशीं संबंध नाहीं. परंतु कापसाचें कापड झालें आणि सागाची फळी झाली, म्हणजे दोहोंत एक साम्य दिसूं लागतें. दोहोंना दिशा असते. कापडांत उभें सूत व आडवें सूत असतें. शिंप्यानें तेंच कापड उरेब बेतलें, तर तें ताणलें जातें. लांकडाचेंहि तसेंच आहे. म्हणून कापड काय किंवा लांकूड काय, बेतण्यापूर्वीं त्याची दिशा पाहावी लागते. ही दिशा कागदावर कशी आली आणि कागदावरून ती हरवण्याचा संभव कसा उत्पन्न झाला, ह्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

लांकूड म्हणजे खोडाच्या लांबीनें धांवणाऱ्या सूक्ष्म नळ्यांची एक जुडी होय. ह्या नळ्यांच्या रांगाच फळीवर शिरांसारख्या दिसतात. शिरांच्या दिशेनें लांकूड कितीहि ओढा, तें सहसा तुटत नाहीं. पण शिरा एकमेकींपासून अलग होतील असें आडवें ओढलें, तर त्याच्या अल्पांश जोरानेंहि तें उलतें. ओलें लांकूड वाळतांना रुंदीनें शेंकडा कित्येक भाग आकसतें, लांबीनें मात्र शेंकडा एक-दोन दशांशच. शिरांच्या उलट रंधा मारला, तर तंतू उपटून पृष्ठभाग खरबरीत होतो. खुर्चीचा बांकदार पाय शिरांकडे न पाहतां फळींतून कापला, तर बांकाच्या ठिकाणीं शिरा आडव्या पडतात, आणि बसणाऱ्याच्या भारानें पाय तेथेंच मोडतो. आकार दोन्ही पायांचा एकच; एक पिढ्यान् पिढ्या टिकतो, दुसरा पहिल्या वर्षींच दगा देतो.

जुन्या सुताराला हें सांगावें लागत नसे. तुळई कोणती, चौकट कोणती, वखराला कोणता तुकडा घ्यावयाचा, हें तोच ठरवी आणि तोच वाकस चालवी. कल्पना करणारा आणि घडविणारा हे दोघे एकाच देहांत राहत असत. सुतानें आंखलेली रेघ व लांकडाची शीर ह्यांचा मेळ त्याचें बोट फळीवरून फिरतांच बसे. त्यामुळें दिशा लिहून ठेवण्याची त्याला गरजच पडली नाहीं.

ही गरज निर्माण झाली ती कल्पना करणारा आणि घडविणारा ह्यांची फारकत झाल्यावर. गास्पार मोंज ह्या फ्रेंच गणितज्ञानें कोणतीहि घन वस्तु सपाट कागदावर अचूक मांडण्याचें शास्त्र रचलें. त्यावरील त्याचीं व्याख्यानें १७९५ सालीं पॅरिसांत झालीं आणि ग्रंथ १७९९ सालीं निघाला. हिंदुस्थानांत १८४७ सालीं रुरकीस आणि १८५४ सालीं पुण्यास स्थापत्याचें शिक्षण सुरू झालें. आतां एका गांवीं काढलेल्या आराखड्यावरून दुसऱ्या गांवचा सुतार काम करूं लागला. हा लाभ थोडा नव्हता. परंतु मोंजच्या शास्त्रांत वस्तूला आकार असतो, द्रव्य नसतें. त्या दृष्टीनें सागाचा पाय आणि मेणाचा पाय सारखेच. हें न्यून आरेखकांनीं संकेतांनीं भरून काढलें: कापलेल्या टोंकावर वलयें काढावयाचीं, लांबीच्या अंगावर लांब रेघा ओढावयाच्या, आणि जेथें संशय राहील तेथें बाण काढावयाचा.

दिशेचें महत्त्व आंकड्यांनीं सिद्ध झालें तें विसाव्या शतकांत. डेहराडून येथें १९०६ सालीं वनसंशोधन संस्था स्थापन झाली. तेथें देशी लांकडांची यंत्रांवर परीक्षा झाली. ह्या कार्यांत व्ही. डी. लिमये ह्या संशोधकाचें नांव प्रामुख्यानें येतें. इतर लांकडांची योग्यता ठरवितांना सागाचे गुण १०० धरण्याची पद्धत तेथेंच रूढ झाली. ज्या जातीचे वृक्ष यवतमाळच्या रानांत उभे आहेत, ती सबंध देशाच्या लांकडांचें माप ठरली. आणि ह्या कोष्टकांत शिरांच्या दिशेनें सोसणारा दाब एका रकान्यांत, तर आडवा दाब दुसऱ्या रकान्यांत असतो. तुकडा एकच, बळें दोन! मग कोणतें बळ गृहीत धरलें आहे, हें आराखड्यानें सांगितलेंच पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धांत ह्या प्रश्नाला जीवनमरणाचें स्वरूप आलें. १९४० सालीं प्रथम उडालेलें मॉस्किटो नांवाचें इंग्लिश विमान मुख्यतः लांकडी होतें. पातळ पापुद्रे एकावर एक आडवे-उभे चिकटवून केलेल्या प्लायवुडांत प्रत्येक थराची दिशा हाच बळाचा पाया असतो. लाटलेल्या धातूच्या पत्र्यासहि ही दिशा सुटलेली नाहीं. लाटण्याच्या दिशेला समांतर दुमड घातली, तर कठीण पत्रा तडकण्याचा संभव अधिक.

१९६३ सालीं आयव्हन सदरलंड ह्यानें अमेरिकेंत संगणकाच्या पडद्यावर रेघा काढण्याची ‘स्केचपॅड’ ही योजना सिद्ध केली, आणि १९८२ सालीं ‘ऑटोकॅड’ बाजारांत आलें. आज आराखडा संगणकावरच होतो. तो पडद्यावर सागाचा हुबेहूब रंग आणि शिरा दाखवितो. पण पुष्कळदां तें केवळ रंगकाम असतें. आकार फिरविला तरी चित्रांतील शिरा खऱ्या फळीशीं जुळतीलच असें नाहीं. त्याहून मोठा धोका पुढें आहे. एका तक्त्यांतून अधिकांत अधिक तुकडे निघावेत म्हणून संगणक ते तुकडे स्वतःच मांडतो. दिशा बांधून दिली नसेल, तर चार बोटें लांकूड वांचविण्यासाठीं तो एखादा तुकडा काटकोनांत फिरवितो. हिशेब अगदीं बरोबर येतो, आणि फडताळाची फळी वह्यांच्या भारानें वांकते.

उपाय साधा आहे. प्रत्येक भागावर शिरांच्या दिशेनें दुतोंडी बाण काढावा. शिरांना डोकें-शेपूट नसतें, म्हणून बाणाला दोन टोंकें. एकाच अंगाचें चित्र अपुरें वाटल्यास दुसऱ्या अंगावर वलयें दाखवावीं. यादींत मापें लिहितांना शिरांच्या दिशेचें माप आधीं लिहावें; प्लायवुडाच्या व्यवहारांत वरच्या थराच्या दिशेचें माप आधीं देण्याचा प्रघात आहेच. आणि जेथें दिशेनें कांहीं बिघडत नाहीं, तेथें तसें स्पष्ट म्हणावें. कारण मौनाचा अर्थ यंत्र आपल्या सोयीनें लावतें.

सुताराजवळ आराखडा चुकीचा आला, तर तो फळी हातांत घेऊन क्षणभर थबकतो व विचारतो. यंत्र थबकत नाहीं. जी गोष्ट पूर्वीं सुताराच्या बोटांत होती, ती आतां कागदावरच्या त्या लहानशा बाणांत राहिली आहे. बाण काढण्यास निमिष पुरतें; तो न काढल्यास मात्र जो साग रानांत साठ-सत्तर वर्षें वाढला, तो एका उलट्या कापानें वायां जातो.