इसब : दोष रक्ताचा की भिंतीचा?

कोपराच्या, गुडघ्याच्या लवणीत मूल रात्रभर खाजवते, तेव्हा ‘रक्त बिघडले’ असे म्हणतात. १८९२ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिए यांनी या इसबाचे दम्याशी असलेले नाते नोंदवले. १९३३ मध्ये अमेरिकेत वाइज आणि सल्झबर्गर यांनी त्याला ‘अॅटोपिक डर्मटायटिस’ हे नाव दिले. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिझोनचा लेप उपयोगी ठरला. दाह शमू लागला. पण मूळ कोठे? २००६ मध्ये डंडी विद्यापीठातील मॅक्लीन व सहकाऱ्यांना अनेक रुग्णांत फिलाग्रिन या प्रथिनाचे जनुक सदोष आढळले. हे प्रथिन कमी पडले की त्वचेची भिंत कच्ची राहते. पाणी उडून जाते, त्रासदायक पदार्थ आत शिरतात. म्हणून रोज लावायचे साधे स्निग्ध मलम म्हणजे त्या भिंतीची डागडुजीच होय. इसब स्पर्शाने पसरत नाही. अशा मुलाला वर्गात वेगळे बसवण्याचे कारणच नाही.