हिरावलेला शेवट आणि उरलेले हसू

आजी गोष्ट सांगत असावी, गोष्ट ऐन शेवटावर आलेली असावी, तेवढ्यात तिला कोणी हाक मारावी आणि ती गोष्ट पुढे कधीच पुरी होऊ नये, असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांच्या गाठी असेल. पुरी झालेली गोष्ट आपण विसरतो, अर्धी राहिलेली मात्र मनात ठाण मांडून बसते. फिलिपाइन्समध्ये १९७९ साली एका अख्ख्या पिढीच्या वाट्याला हाच अनुभव आला. फरक इतकाच की, तेथे गोष्ट थांबविणारा माणूस देशाचा राष्ट्राध्यक्ष होता.

ही कथा परक्या देशाची, आणि तीही मुलांच्या दूरदर्शन मालिकांची. मराठी वाङ्मयाच्या या पत्रिकेत तिला जागा का द्यावी, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे एक उत्तर आमच्या स्वतःच्या आठवणीत आहे. १९८०च्या दशकात आपल्या दूरदर्शनवर 'जायंट रोबो' ही जपानी मालिका दाखविली जात असे. मनगटावरील घड्याळात बोलून महाकाय यंत्रमानवाला आज्ञा देणारा तो मुलगा ज्यांनी पाहिला, त्यांना मनिलातील मुलांचे वेड समजावून सांगावे लागणार नाही. दुसरे उत्तर असे की, परक्या घरची गोष्ट आपली केव्हा होते, हा प्रश्न घरात एक भाषा आणि दारात दुसरी अशा वातावरणात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना नवा नाही.

प्रथम मुळाकडे जाऊ. जपानमध्ये १९६६ साली 'अल्ट्रामॅन', १९७१ साली 'कामेन रायडर' आणि १९७५ साली पाच रंगांच्या पाच वीरांची 'गोरेंजर' या मालिका आल्या व मुलांच्या करमणुकीचा एक पक्का साचा तयार झाला. मुखवटे चढविलेले नट, पुठ्ठ्यालाकडाची छोटी शहरे, रबरी राक्षस, दारूगोळ्याचा धूर आणि दर आठवड्याला नवे संकट, असे त्याचे स्वरूप होते. त्याच्या जोडीला रेखाचित्रांच्या मालिकांत महाकाय यंत्रमानव आले. 'व्होल्टेस फाइव्ह' ही त्यांपैकीच एक मालिका. तादाओ नागाहामा यांच्या दिग्दर्शनाखाली १९७७-७८ मध्ये तिचे ४० भाग जपानात प्रक्षेपित झाले. पाच तरुणांची पाच वाहने एकत्र जुळून एक यंत्रमानव उभा राहतो आणि तलवारीने शत्रूच्या देहावर 'व्ही' हे अक्षर कोरतो, एवढेच वरवर पाहणाऱ्याला दिसे. आतली कथा मात्र अधिक गंभीर होती. पृथ्वीवर चालून येणाऱ्या बोआझान ग्रहावर शिंगे असलेले ते सरदार आणि शिंगे नसलेले ते गुलाम, असा जन्मजात भेद होता. नायकांचा पिता याच ग्रहावरचा. सरदार कुळातील असूनही शिंगांवाचून जन्मलेला आणि त्या भेदाविरुद्ध उभा राहिलेला. शेवटच्या भागांत गुलाम उठाव करतात, राजवाडा पडतो आणि सम्राटाचा अंत होतो.

ही मालिका १९७८ साली मनिलाच्या जीएमए वाहिनीवर इंग्रजी संवादांसह सुरू झाली. शुक्रवारची संध्याकाळ झाली की गल्ल्या ओस पडत. शीर्षकगीत मात्र मूळ जपानीतच ठेवलेले होते. मित्सुको होरिए या गायिकेने गायिलेले ते गीत एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसता हजारो फिलिपिनो मुलांनी तोंडपाठ केले. हे वाक्य लिहिताना आम्ही क्षणभर थांबलो. कारण याच मनिलात, अवघ्या ३३ वर्षांपूर्वी, १९४५च्या फेब्रुवारीत जपानी सैन्य आणि अमेरिकी सैन्य यांच्यात महिनाभर लढाई होऊन सुमारे १ लाख नागरिक मृत्युमुखी पडले होते. जपानी सैनिकांनी केलेल्या कत्तली आणि अमेरिकी तोफांचा मारा या दोहोंखाली ते जुने, देखणे शहर बेचिराख झाले. ज्या घरांतील आजी-आजोबांना जपानी आवाज ऐकून त्या दिवसांची आठवण व्हावी, त्याच घरांत नातवंडे जपानी गीत गात होती. त्या मुलांनी क्षमा केली असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण क्षमा करण्याजोगे काही घडले होते हेच त्यांच्या वयाला ठाऊक नव्हते. पण द्वेषाचा वारसा आपोआप पुढे जात नाही, तो जाणूनबुजून द्यावा लागतो, हे या दृश्याने दाखवून दिले.

त्या काळी देशात लष्करी कायदा होता. फर्डिनंड मार्कोस यांनी १९७२च्या सप्टेंबरात तो पुकारला होता आणि वृत्तपत्रे, वाहिन्या सरकारच्या मुठीत होत्या. १९७९च्या ऑगस्टअखेर मार्कोस यांच्या आदेशाने 'व्होल्टेस फाइव्ह' आणि तिच्यासारख्या इतर यंत्रमानव-मालिका बंद करण्यात आल्या. मुलांवर हिंसेचा वाईट परिणाम होतो, हे अधिकृत कारण. पालकांच्या तशा तक्रारी होत्या, हेही खरे. परंतु बंदी आली तेव्हा 'व्होल्टेस'चे शेवटचे मोजके भाग तेवढे उरले होते, आणि त्याच भागांत गुलामांचा उठाव होता. पुढे मोठ्या झालेल्या मुलांनी दोन आणि दोन जोडून चार केले: हुकूमशहाला सम्राटाचे पतन पडद्यावरही पाहवेना, म्हणून त्याने गोष्ट बंद पाडली. हा हेतू सिद्ध करणारा पुरावा आमच्या पाहण्यात नाही. बंदी एका मालिकेवर नव्हती, सगळ्या प्रकारावर होती, हेही विसरता येत नाही. पण लोकस्मृतीचा न्याय पुराव्याच्या न्यायाहून निराळा असतो. जी सत्ता सर्व काही लपविते, तिच्या प्रत्येक कृतीमागे लोक लपलेले कारण शोधणारच.

१९८६च्या फेब्रुवारीत मनिलाच्या एड्सा या हमरस्त्यावर चार दिवस लाखो लोक जमले आणि मार्कोस यांना देश सोडून जावे लागले. एका कार्टूनने क्रांती घडविली, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. त्या रस्त्यावर लोकांना आणणारी कारणे फार मोठी होती. दारिद्र्य, तुरुंग आणि १९८३ साली विमानतळावरच झालेली बेनिग्नो अक्विनो यांची हत्या, ही त्यांपैकी ठळक. तथापि सत्तांतरानंतर जुनी मालिका पुन्हा दिसू लागली आणि १९९९ मध्ये तिचे अखेरचे भाग एकत्र करून चित्रपटगृहांत दाखविण्यात आले, तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावरील प्रेक्षक आपल्या बालपणाचा राहिलेला शेवट पाहावयास गेले, ही गोष्ट बोलकी आहे.

या सत्तांतरानंतरच्या वर्षांत जपानी वीरांची दुसरी लाट आली. 'बायोमॅन', 'मास्कमॅन' आणि 'शायडर' ही त्यांतली ठळक नावे. या वेळी पात्रे फिलिपिनो भाषेत बोलू लागली. 'शायडर' हा अवकाशातला पोलीस. जपानात १९८४-८५ मध्ये ही भूमिका हिरोशी त्सुबुराया यांनी केली होती, आणि 'अल्ट्रामॅन'चे जनक एइजी त्सुबुराया हे त्यांचे आजोबा. फिलिपाइन्समध्ये नायकाचे नाव अलेक्सिस झाले. शत्रू त्याला आपल्या मायावी प्रदेशात ओढण्यासाठी जी आज्ञा देत, तिचा पूर्वार्ध इंग्रजी, 'टाइम-स्पेस वॉर्प', आणि उत्तरार्ध तागालोग, 'ङायोन दिन', म्हणजे 'आत्ताच्या आत्ता'. आपल्या वर्णमालेतील ङ शब्दारंभी कधी येत नाही. त्यांच्या भाषेत तो सहज येतो, आणि त्या एका नाकातल्या ध्वनीने जपानी राक्षस जणू मनिलाचा रहिवासी झाला. त्या काळी लहान असलेल्या कोणासही हे शब्द आजही ऐकविले तर ओळख पटल्याखेरीज राहत नाही.

येथे एक तुलना उद्बोधक ठरेल. अमेरिकेने १९९३ साली याच जपानी मालिकांपैकी एकीतून 'पॉवर रेंजर्स' घडविली. तिने मुखवट्यांची, मारामारीची दृश्ये ठेवली आणि जपानी चेहरे काढून त्या जागी आपले नट बसविले. फिलिपाइन्सने चेहरे तसेच ठेवून आवाज बदलले. यामागे तत्त्वापेक्षा खर्चाचा विचार अधिक असणार. पण परिणाम असा झाला की, परका माणूस परका दिसत असूनही आपल्या बोलीत बोलतो, हे फिलिपिनो मुलांना अजब वाटेनासे झाले.

भाषेनंतरची पायरी थट्टेची. फिलिपाइन्समध्ये विडंबनाची परंपरा जुनी व धट्टीकट्टी आहे. विनोदी नट डॉल्फी यांनी १९६६ सालीच 'जेम्स बॅटमॅन' या चित्रपटात बाँड आणि बॅटमॅन या दोघांनाही एकट्याने निकालात काढले होते. जोई दे लिऑन यांनी टारझनचा 'स्टारझन' केला, आणि १९९१ मध्ये 'एलियास बॅटमॅन एन रॉबिन' आणला. १९९५ पासून दूरदर्शनवर 'बबल गँग'सारख्या कार्यक्रमांनी हाच धंदा आठवड्याच्या बोलीवर चालविला. अशा वातावरणात जपानी वीर थट्टेतून सुटणे शक्यच नव्हते. या प्रहसनांचा साचा ठरलेला असतो. झगझगीत पोशाखाच्या जागी ढगळ कपडे, यंत्रमानवाच्या जागी पुठ्ठ्याचे खोके, रूपांतराची वीरमुद्रा करता करता पाठीत भरलेली उसण, आणि जगाच्या रक्षणाला निघालेला पण जीपनीचे भाडे खिशात नसलेला वीर. मूळ मालिका पाठ असल्याखेरीज यातला एकही विनोद कळत नाही.

या ठिकाणी मराठी वाचकास केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. आचार्य अत्र्यांनी समकालीन कवींची थट्टा केली ती त्या कवितांची घडण, लकबी, अगदी विरामसुद्धा अंगवळणी पडल्यावरच. ज्या गोष्टीविषयी आपल्याला आस्था नाही तिची निंदा करता येते, टवाळी करता येते, विडंबन मात्र करता येत नाही. विडंबन हे ओळखीचे प्रमाणपत्र असते.

आता आमच्या मनातील मुख्य मुद्दा. 'शायडर' आणि 'बायोमॅन' ही मालिकांची पिढी फिलिपाइन्समध्ये मोकळ्या हवेत आली, कोणी तिचा शेवट तोडला नाही, आणि तिच्या आठवणीभोवती हसू दाटले. 'व्होल्टेस'चा शेवट हिरावला गेला, आणि तिची आठवण गंभीर झाली. थट्टा तिचीही झाली असेल, पण देशाचा इतिहास सांगताना माणसे तिचे नाव घेतात, 'शायडर'चे घेत नाहीत. बंदी घालणाऱ्याने एका खेळण्याला दस्तऐवजाचे मोल आणून दिले. पुढची रूपांतरेही हेच सांगतात. २००७ मध्ये जीएमए वाहिनीने मूळच्या तोएई कंपनीच्या संमतीने 'झायडो' ही 'शायडर'ची देशी उत्तरकथा काढली, ती करमणूक म्हणून आली आणि गेली. २०२३ मध्ये त्याच वाहिनीने खऱ्या नटांना घेऊन 'व्होल्टेस फाइव्ह: लेगसी' केली, तेव्हा मात्र तिच्या आगमनास एखादे राहिलेले कार्य तडीस नेल्याची कळा होती.

काळाचा विनोद पाहा: ही मालिका आली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदावर फर्डिनंड मार्कोस यांचे त्याच नावाचे चिरंजीव होते. २०२२ साली जनतेनेच त्यांना मोठ्या बहुमताने निवडून दिले. ज्या देशाने अर्धवट राहिलेली यंत्रमानवाची गोष्ट ४४ वर्षे जपली, त्याच देशाने ती अर्धवट ठेवणाऱ्या राजवटीची गोष्ट किती जपली, हा प्रश्न तेथील विचारी माणसांना आज टोचतो. बालपणाची ओढ ही स्मृती खरी, पण ती इतिहासाची जागा घेऊ शकत नाही. मालिका का बंद पडली हे सांगणारे कोणी घरात असेल, तरच ते गीत नुसते गीत राहत नाही.

२०२४च्या ऑक्टोबरात ही फिलिपिनो 'लेगसी' जपानच्या चित्रपटगृहांत झळकली. उसनी नेलेली गोष्ट मूळ मालकाच्या दारी परत आली, तीही व्याजासह. व्याजात काय काय होते, याची मोजदाद सोपी नाही. बेचिराख झालेल्या शहरातील आजी, अर्थ न कळता गायिलेले गीत, एका ऑगस्टात अचानक रिकामी झालेली शुक्रवारची संध्याकाळ, आणि मधल्या वर्षांत पोट धरून हसलेली सारी प्रहसने. आपल्या घरांतूनही अशा अर्ध्या राहिलेल्या गोष्टी असतील. सांगणारे आहेत तोवर त्या पुऱ्या करून घ्याव्यात, एवढेच आम्हांस सुचवावयाचे आहे.