भावाची वार्ता आणि मोबाइलचे जाळे

यंत्राने समाज बदलतो असे आपण सहज म्हणून जातो. परंतु तो कोणासाठी किती बदलला, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. मोबाइलच्या बाबतीत असा हिशेब उत्तर केरळच्या किनाऱ्यावर मांडला गेला आहे, म्हणून आपण प्रथम तिकडे वळू.

१४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा येथे ११ मच्छीमारांच्या तारलीला गिऱ्हाईकच मिळाले नाही. माल नाशवंत, तो टाकून देण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याच वेळी १५ किलोमीटरांच्या आतील दोन बाजारांतून २७ खरेदीदार रिकाम्या हाताने परतण्याच्या बेतात होते. एकाची वार्ता दुसऱ्यास नव्हती, एवढेच.

त्या वर्षापासून २००१ पर्यंत कोळिक्कोड, कण्णूर आणि कासरगोड या भागांत मोबाइल टप्प्याटप्प्याने आला. मनोरे किनाऱ्याजवळ असल्याने वीस-पंचवीस किलोमीटर आत समुद्रातूनही बोलता येई. मच्छीमार होडीतूनच भाव विचारू लागले आणि मागणी असेल त्या किनाऱ्यास होडी लावू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचे फळ नोंदविले आहे. बाजाराबाजारांतील भावाची तफावत घटली, मासळी फुकट जाणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्त पडली. विशेष हे, की ज्यांच्याजवळ फोन नव्हता त्यांनाही थोडाफार लाभ झाला. कारण स्थिरावलेला भाव सर्वांचाच होता.

पुढे जाळे प्रगत झाले, तसा हा न्याय पालटला. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि धडे मोबाइलवर आले, तेव्हा शेजारच्या घरातील फोनाचा या घरातील मुलाला काहीच उपयोग नव्हता. फोन हेच वर्गाचे दार झाले. ज्या घरी तो नव्हता, किंवा तीन भावंडांत एकच होता, तेथील मूल दाराबाहेर राहिले. केरळ शासनाने त्या जूनपासून दूरचित्रवाणीवरून धडे सुरू केले, त्यामागे हीच जाणीव होती.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात पाचव्या पिढीची सेवा सुरू झाली. तिच्या वेगाचे कौतुक आपण अवश्य करावे. परंतु ज्या जाळ्यातून बाजार, पैसा आणि शाळा चालते, ते निव्वळ सोयीचे साधन राहत नाही; गावच्या रस्त्यासारखे होते, असे आम्हांस वाटते. आणि रस्ता ज्याच्या दारापर्यंत पोचला नाही, त्याची विचारपूस करणे हे साऱ्या गावाचेच काम असते.