मोजणीतून गावठाण का सुटले?

शेताचे क्षेत्र, त्यावरील आकार आणि धारकाचे नाव सातबाऱ्यावर असते. त्याच शेतकऱ्याच्या गावठाणातील घराचा मात्र अनेक राज्यांत कालपरवापर्यंत नकाशाही नव्हता. ही उणीव कोणाच्या विसराळूपणाची नव्हे. मोजणी ज्या हेतूने झाली, त्या हेतूतच ती होती.

ईस्ट इंडिया कंपनीच्या राजवटीतील जे सर्वेक्षण जगभर गाजले, ते त्रिकोणमितीय. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजून त्याचा पाया घातला. हेच काम करीत असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. या सर्वेक्षणाने स्थळांची अंतरे निश्चित केली. जमीन कोणाची, हा त्याचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न महसुली मोजणीने हाताळला, पण कर कोणाकडून घ्यायचा एवढ्यापुरताच. पुणे जिल्ह्यात प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्नावर बसवलेला सारा इतका जड ठरला, की इंदापूर भागात शेते ओस पडली. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून तेथे फेरमोजणी केली व सारा ३० वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्यातील साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब-रुंद तुकडा म्हणजे गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आजही शेतकऱ्याच्या तोंडी आहे.

गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून त्यातील घरे मोजण्याचे कारणही नव्हते. पंजाब-दिल्लीकडे वस्तीभोवती नकाशावर लाल रेघ ओढून आतला भाग सोडून दिला जाई; ‘लाल डोरा’ हा शब्द त्यातूनच आला. आतील मालकीला आधार वहिवाटीचा, फार तर घरपट्टीच्या पावतीचा. पावतीने मालकी सिद्ध होत नाही. त्यामुळे पक्के घर असूनही ते तारण ठेवून कर्ज मिळणे कठीण होते.

केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी सुरू केलेली स्वामित्व योजना हीच पोकळी भरण्यासाठी आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे असा प्रयोग त्याआधीच झाला होता. ग्रामस्थांच्या उपस्थितीत हद्दी चुन्याने आखल्या जातात, भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन छायाचित्रे टिपतात आणि हरकतींची चौकशी झाल्यावर मिळकत पत्रिका दिली जाते. यातील अवघड भाग आकाशात नाही. ड्रोनला छप्पर दिसते; सामायिक भिंत कोणत्या भावाची किंवा अंगणातून वाट कोणाची, हे चौकशी अधिकाऱ्याला कागदपत्रे तपासून आणि शेजाऱ्यांना समोरासमोर बसवूनच ठरवावे लागते.